बरणीतली गाठ आणि बशीतली पेशी



परवा एका तरुणाच्या मानेतली गाठ काढायची होती. त्याचे वडील कांद्याच्या लिलावातून थेट दवाखान्यात आलेले. टेबलावर मी दोन बाटल्या ठेवल्या तसे ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, गाठ एकच ना? मग बाटल्या दोन कशाला? खर्च पण डबल लागंल का?"

प्रश्न अगदी रास्त होता. घाईत असल्यामुळे मी म्हणालो, "दादा, एका बाटलीत गाठ मारून टिकवायची, दुसरीत जिवंत ठेवायची." त्यांनी मान डोलावली, पण समाधान झालेलं दिसलं नाही. म्हणून आज सविस्तर लिहितोय. शरीराबाहेर काढलेल्या पेशींचं पुढे काय करायचं, हे माणूस जवळजवळ सव्वाशे वर्षं शिकत आलाय. त्या शिकण्याचा काही भाग मुंबईत आणि पुण्यात घडला आहे, आणि हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

आधी माझी एक चूक

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तालुक्यातल्या एका गावातून बावीस वर्षांची मुलगी आली. मानेत गाठी, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटलेलं. टीबीचा संशय होताच. एक गाठ काढायला सर्जन मित्राला बोलावलं. बाटली मी दिली, तीही नेहमीचीच, फॉर्मेलिनची. अख्खी गाठ त्यात गेली. रिपोर्ट टीबीचाच आला आणि उपचार सुरू झाले.

पाच महिने झाले तरी गाठी कमी होईनात, उलट एक फुटून वाहायला लागली. आता प्रश्न होता, हे जंतू औषधांना दाद देतात की नाही? त्यासाठी जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधं तपासावी लागतात. पण माझ्या बाटलीतले जंतू तर पहिल्याच दिवशी मेले होते! फॉर्मेलिन पेशींबरोबर जंतूंनाही मारतं. पोरीला दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा चिरा, आणि त्यावर जवळजवळ दोन महिन्यांची वाट. रिपोर्ट आला तो आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा.

ती पुढे बरी झाली. आज तिला दोन मुलं आहेत. पण गाठीचा एक छोटा तुकडा पहिल्याच दिवशी साध्या निर्जंतुक सलाईनमध्ये ठेवला असता, तर तिचे कित्येक महिने वाचले असते. तेव्हापासून माझ्या टेबलावर बाटल्या दोन असतात.

पहिली बाटली : मारून टिकवणं

शरीरातून निघालेला मांसाचा तुकडा लगेच खराब व्हायला लागतो. त्याच्या स्वतःच्याच पेशींमधले पाचक पदार्थ त्याला आतून विरघळवतात आणि बाहेरून जंतू येतात. पूर्वी तो दारूत म्हणजे अल्कोहोलमध्ये ठेवत, पण त्यात तो आकसायचा.

१८९३ मध्ये जर्मनीतले फर्डिनांड ब्लुम हे डॉक्टर फॉर्मेलिनचा उपयोग जंतुनाशक म्हणून तपासत होते. काम करताना त्यांच्या स्वतःच्या बोटांची कातडी टणक झाली. त्यांच्या मनात आलं, बोटांचं असं होतंय तर काढलेल्या तुकड्याचंही होईल! झालंही तसंच. फॉर्मेलिन पेशीतल्या प्रथिनांना एकमेकांशी जखडून टाकतं, त्यामुळे पेशी मरते पण तिची ठेवण जागच्या जागी राहते.

पुढचं काम पॅथॉलॉजिस्टचं. तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या पात्याने त्याचे केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढायचे आणि ते रंगवायचे. नेहमीच्या रंगात पेशीचं केंद्रक निळं-जांभळं दिसतं आणि बाकीचा भाग गुलाबी. कॅन्सर आहे की नाही, असल्यास कोणता, हे आजही बहुतेक वेळा याच कापांवर ठरतं. पद्धत जुनी आहे, पण अजून तिला तोड नाही.

तिची एकच मर्यादा आहे. हा फोटो आहे, चित्रपट नव्हे. पेशी त्या क्षणी कशी होती ते कळतं. ती पुढे काय करेल, कोणत्या औषधाने मरेल, तिच्यात कोणता विषाणू वाढेल, हे मेलेली पेशी सांगू शकत नाही.

दुसरी बाटली : जिवंत ठेवणं

१९०७ मध्ये अमेरिकेतले रॉस हॅरिसन एका वादाचा निकाल लावू पाहत होते. मज्जातंतूचा लांब धागा एकाच पेशीतून फुटतो की अनेक पेशी जुळून बनतो? त्यांनी बेडकाच्या गर्भातला मज्जेचा इवलासा तुकडा घेतला, बेडकाच्याच लसिकेच्या थेंबात ठेवला आणि तो थेंब काचेवर उलटा टांगला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना पेशीतून धागा फुटून पुढे सरकताना दिसला. वाद तर मिटलाच, शिवाय नवीन गोष्ट कळली : शरीराबाहेर पेशी जगते आणि वाढतेही. प्राणिपेशींचं टिश्यू कल्चर इथून सुरू झालं असं मानतात.

टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्या भागातल्या शेतकऱ्याला डाळिंबाची आणि केळीची रोपं आठवतात. मूळ कल्पना तीच आहे, फरक मात्र मोठा आहे. वनस्पतीच्या छोट्या तुकड्यापासून अख्खं रोप तयार होतं. माणसाच्या यकृताच्या पेशी बशीत ठेवल्या तर त्यांचं यकृत बनत नाही, माणूस तर नाहीच. तिथे फक्त पेशींच्या आणखी पेशी होतात.

पण आधी पेशी सुट्या तर करायला हव्यात. अवयवात त्या विटांसारख्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. १९१६ मध्ये पेटन राऊस आणि जोन्स यांनी त्यासाठी ट्रिप्सिन वापरून दाखवलं. ट्रिप्सिन म्हणजे आपल्या आतड्यात प्रथिनं पचवणारा रस. तो थोडा वेळ लावला की पेशींमधला 'चुना' सुटतो आणि पेशी मोकळ्या होतात. जास्त वेळ ठेवला तर पेशीही पचतात! हे काम आजही ट्रिप्सिनने करतात.

मोकळ्या पेशींना लागतं क्षार, साखर, अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वांचं पोषक द्रावण, त्यात बहुधा वासराच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम, आणि शरीराइतकी म्हणजे ३७ अंश सेल्सिअसची ऊब. बशी भरली की थोड्या पेशी काढून नव्या बशीत घालायच्या. तुमच्या घरी विरजण असंच चालतं ना? कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आजच्यातलं उद्याच्या. पेशींचं असं पिढ्यान्‌पिढ्या चालणारं विरजण म्हणजे 'सेल लाईन'.

न मरणाऱ्या पेशी आणि एका बाईचं ऋण

सर्वसाधारण पेशींचं विरजण कायम चालत नाही. न्यूयॉर्कमध्ये अलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाच्या पेशी वाढवायला घेतल्या आणि ते विरजण चौतीस वर्षं चालवल्याचं जाहीर झालं. पेशी अमर आहेत असं जग मानू लागलं. पण इतरांना ते जमेना. अखेर १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं की माणसाच्या सर्वसाधारण पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. कॅरेल यांच्या बशीत खाद्याबरोबर नव्या पेशीही जात असाव्यात, असं आता बहुतेकांचं मत आहे.

कॅन्सरच्या पेशींना मात्र हे बंधन नसतं. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही तीस वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आली. तिच्या गाठीचा तुकडा जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेला. त्या पेशी थांबल्याच नाहीत. तिच्या नावातली अक्षरं घेऊन त्यांना 'हेला' म्हणतात. पोलिओच्या लशीच्या चाचणीपासून कॅन्सरच्या औषधांपर्यंत असंख्य कामांत त्या वापरल्या गेल्या. लॅक्सबाई मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वारल्या. संशोधनासाठी त्यांची परवानगी कुणी घेतली नव्हती आणि कुटुंबाला ही गोष्ट कळायला वीसेक वर्षं गेली. आज संमतीपत्रावर सही करताना तुम्हाला कंटाळा येतो, तेव्हा ही बाई आठवा.

मुंबईच्या कमलताई

याच जॉर्ज गे यांच्याकडे आपल्या एक मराठी शास्त्रज्ञ टिश्यू कल्चर शिकून आल्या. त्या म्हणजे डॉ. कमल रणदिवे. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे, माहेरचं आडनाव समर्थ. वडील जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलगी डॉक्टर व्हावी अशी त्यांची इच्छा होती, पण कमलताईंचा ओढा पेशींकडे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. लग्नानंतर त्या मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. खानोलकर म्हणजे भारतातल्या पॅथॉलॉजीचे आद्य गुरू. १९४९ मध्ये कमलताईंना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली आणि मग त्या बाल्टिमोरला गेल्या.

परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये टिश्यू कल्चरची प्रयोगशाळा उभी केली. भारतातली अशी पहिली प्रयोगशाळा म्हणून ती ओळखली जाते. आज पोषक द्रावणाची बाटली फोनवर मागवता येते. तेव्हा द्रावण आणि त्यासाठी लागणारी रसायनं इथेच तयार करावी लागली. काचेची भांडी धुण्यापासून सगळं शिकवावं लागलं, कारण साबणाचा अंशही पेशी मारू शकतो.

स्तनाच्या कॅन्सरचा संप्रेरकांशी आणि आनुवंशिकतेशी काय संबंध, हे त्यांनी उंदरांवर अभ्यासलं. दुसरं काम कुष्ठरोगाचं. कुष्ठरोगाचा जंतू आजही प्रयोगशाळेतल्या खाद्यावर वाढत नाही. १९५८ मध्ये या संस्थेत मानवी मज्जापेशींच्या कल्चरची मदत घेऊन कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक जंतू वाढवण्यात आला. संस्थेच्या नावावरून त्याला 'आयसीआरसी बॅसिलस' म्हणतात. तो खुद्द कुष्ठरोगाचा जंतू नव्हता, त्याचा लांबचा भाऊबंद होता, पण पुढे त्याच्यापासून कुष्ठरोगाविरुद्ध लस तयार करून तपासली गेली.

१९७३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम करत होत्या. बशीतली पेशी पाहणारी नजर कुपोषित मुलाकडेही वळली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुण्यातल्या डासाच्या पेशी आणि आपला मोडका ताप

आता आपल्या दारातली गोष्ट. २००६ ची सुरुवात तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मालेगावात तापाची साथ आली आणि हजारो माणसं आजारी पडली. तो ताप आग्रा रोडने आपल्याकडे यायला वेळ लागला नाही. माणसं भिंतीला धरून ओपीडीत यायची, बायकांना पहाटे पिठाचा गोळाही मळता येईना. तो चिकुनगुन्या होता. आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी तो पुस्तकातच वाचला होता, कारण महाराष्ट्रातली त्याआधीची ठळक साथ १९७३ मध्ये बार्शीला येऊन गेली होती.

विषाणू जंतूंसारखा खाद्यावर वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागते. म्हणून पूर्वी रुग्णाचं रक्त उंदराच्या पिल्लांच्या मेंदूत टोचून वाट पाहत. पुण्यात १९५२ मध्ये आयसीएमआर आणि रॉकफेलर फाउंडेशनने विषाणू संशोधन केंद्र सुरू केलं होतं. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणजे एनआयव्ही ती हीच. तिथे के. आर. पी. सिंग या शास्त्रज्ञांनी विचार केला, हे विषाणू डासात वाढतात तर डासाच्याच पेशी बशीत का वाढवू नयेत?

डासाच्या अंड्यातून नुकत्याच निघालेल्या अळ्या त्यांनी निर्जंतुक केल्या, त्यांचे बारीक तुकडे केले आणि पोषक द्रावणात ठेवले. अळी केवढी, तिचा तुकडा केवढा, विचार करा! पण पेशी वाढल्या आणि विरजण टिकलं. एडिस इजिप्ती आणि एडिस अल्बोपिक्टस या दोन्ही जातींच्या सेल लाईन तयार झाल्याचा निबंध १९६७ मध्ये 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात आला.

या पेशी जगभर गेल्या. १९७८ मध्ये जपानच्या इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींमधून एकेक पेशी वेगळी वाढवून पाहिली आणि डेंग्यू व चिकुनगुन्याचे विषाणू जिच्यात भरपूर वाढतात असा एक वाण निवडला. त्याचं नाव 'सी-सहा-छत्तीस'. विषाणूला रोखणारी डासाची एक अंगभूत यंत्रणा या वाणात लुळी आहे, म्हणून विषाणू तिथे माजतो, हे बऱ्याच वर्षांनी कळलं. आज जगात कुठेही डेंग्यूचा विषाणू वाढवायचा म्हटलं की सी-सहा-छत्तीसचं नाव पहिल्या काही पर्यायांत असतं. तिचं मूळ पुण्यातल्या अळीत आहे.

त्या वेळी आपल्याकडचा विषाणू एनआयव्हीने तपासला तेव्हा तो आफ्रिकी वाणाचा निघाला. आधीच्या साथींचा आशियाई होता. विषाणू हातात असल्याशिवाय असं काही सांगता येत नाही. मार्च २०२० मध्ये याच संस्थेने कोरोनाचा विषाणू माकडाच्या मूत्रपिंडाच्या 'व्हेरो' पेशींत वाढवला आणि त्यावरून पुढे कोव्हॅक्सिन ही लस तयार झाली.

गर्दीतून हवी तीच पेशी

पेशी वाढवता आल्या, पण नेमकी हवी ती निवडायची कशी? रक्ताच्या एका थेंबात लाखो पेशी असतात. डेअरीत दूध गरागरा फिरवून साय वेगळी काढतात तसंच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. १९६८ मध्ये नॉर्वेच्या बोयुम यांनी रक्ताखाली ठराविक घनतेचं द्रावण ठेवून ते फिरवलं. तांबड्या पेशी तळाला गेल्या आणि लढवय्या लिम्फोसाइट मधल्या थरात तवंगासारख्या तरंगल्या. पिपेटने अलगद उचलायच्या.

त्याच सुमारास अमेरिकेत हर्झेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी पेशींवर चमकणारी खूण चिकटवून त्यांना एका ओळीत लेसरसमोरून धाडणारं यंत्र विकसित केलं. चमक पाहून यंत्र पेशी ओळखतं, मोजतं, हवी तर बाजूलाही काढतं. आपल्या जिल्ह्यातल्या एचआयव्ही रुग्णांना 'सीडी-४ किती?' हा प्रश्न पाठ आहे. तो आकडा याच तंत्रातून येतो. ब्लड कॅन्सरचा नेमका प्रकारही असाच ठरतो, आणि त्यासाठी पेशी ताज्या लागतात, फॉर्मेलिनमधल्या चालत नाहीत.

एक सावधगिरीचीही गोष्ट सांगतो. १९६६ मध्ये गार्टलर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अठरा सेल लाईन प्रत्यक्षात हेलाच असाव्यात. हेला इतकी जोमदार की एखादा थेंब उडाला तरी दुसऱ्याच्या बशीत घुसून ती बशी बळकावते. म्हणून पेशींचीही ओळखपत्रं तपासणारी भांडारं लागतात. पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र गेली कित्येक वर्षं देशभरातल्या संशोधकांना सेल लाईन पुरवण्याचं काम करतं.

आता तुमच्यासाठी

तुमची किंवा घरच्या कुणाची गाठ काढायची असेल, तर इतकं लक्षात ठेवा.

१. टीबीचा संशय असेल तर डॉक्टरांना आधीच विचारा, "थोडा भाग कल्चरला आणि कार्ट्रिजच्या तपासणीला पाठवणार ना?" तो भाग निर्जंतुक सलाईनमध्ये, फॉर्मेलिनमध्ये नाही. विचारायला लाजू नका. मला कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं.

२. सलाईनमधली बाटली त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. घरी रात्रभर ठेवू नका, गाडीच्या डिकीत उन्हात तर नाहीच.

३. फॉर्मेलिनच्या बाटलीत तुकडा पूर्ण बुडालेला हवा, द्रावण तुकड्याच्या दहापट तरी. ही बाटली बर्फात ठेवायची नसते.

४. दोन्ही बाटल्यांवर नाव, वय, तारीख आणि कुठला भाग ते लिहिलंय ना, हे स्वतः पाहा.

५. रिपोर्टबरोबर मेणातला ठोकळा म्हणजे 'ब्लॉक' आणि काचा जपून ठेवलेल्या असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर त्या मागून घेता येतात. पुन्हा चिरा लागत नाही.

६. संमतीपत्र वाचून सही करा. समजलं नाही तर विचारा.

त्या कांदेवाल्या दादांच्या मुलाचा फॉर्मेलिनचा रिपोर्ट आलाय : टीबी. कार्ट्रिजच्या तपासणीत जंतू रिफाम्पिसिनला दाद देणारे निघाले. त्यामुळे औषधं पहिल्या दिवसापासून विश्वासाने सुरू केली. कल्चर अजून इन्क्युबेटरमध्ये आहे, त्याला सहा आठवडे लागतील. दादांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे दुसरी बाटली अजून जित्ती हाय म्हणा!"

अगदी बरोबर, दादा.